जड चूल घरीं येते तेव्हां



‘घरोघरीं मातीच्या चुली’ ही म्हण आपण एका वेगळ्याच अर्थानें वापरतों; पण तिच्या सरळ अर्थांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि तिकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. मातीची चूल कोठून आणावी लागत नसे. ती जेथें पेटावयाची तेथेंच घडे. घरची गृहिणी माती कालवी, तींत भुसा किंवा शेण मिसळी, आणि आपल्या हाताच्या मापानें चूल थापी. फुटली तर तेथेंच लिंपावी, नको झाली तर मोडून परसांत टाकावी. तिला वजन होतें, पण तें कोणाला उचलावें लागत नसे. तिला रुंदी होती, पण ती दाराच्या चौकटीला कधीं अडली नाहीं. सुधारलेली, धुराडें असलेली सिमेंटची किंवा लोखंडी चूल मात्र दुसरीकडे तयार होते आणि वाहनांत बसून घरीं येते. ती विकत घेणें सोपें. ती रस्त्यावरून माजघरापर्यंत नेणें आणि तेथें नीट बसविणें हेंच खरें काम आहे. पुण्यामुंबईस राहून जुन्नर किंवा आंबेगांव तालुक्यांतील आपल्या घरीं अशी चूल पाठवूं पाहणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडाव्यात अशा चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक शंका दूर करूं. घरांत गॅसचा सिलिंडर आला म्हणजे चूल गेली, असा शहरांतील पुष्कळांचा समज आहे. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर लाखों ग्रामीण घरांत सिलिंडर पोंचला, हें खरें. पण चहा आणि भाजी गॅसवर झाली तरी आंघोळीचें पाणी, ज्वारी-बाजरीच्या भाकरी, आणि लग्नकार्याचा मोठा स्वयंपाक यांसाठीं लांकूड अनेक घरांत अजूनहि पेटतें. जेथें जळण शेताच्या बांधावर मिळतें आणि सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात, तेथें याचें नवल वाटावयास नको.

प्रश्न आहे तो त्या धुराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील इंधनाच्या धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं. त्यांत पांच वर्षांच्या आंतील मुलें २ लाख ३७ हजारांवर होतीं. फुप्फुसांचे विकार, न्यूमोनिया, हृदयरोग व पक्षाघात हीं या धुराचीं फळें होत. धूर सर्वांत अधिक कोणाच्या वाट्यास येतो, हें सांगावयास नकोच. जी चुलीपुढें बसते तिच्या, आणि तिच्या मांडीवर किंवा पदराशीं जें मूल असतें त्याच्या.

आपल्याकडे या धुराविरुद्धचे प्रयत्न जुने आहेत. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. तेथें घडलेली ‘मगन चूल’ पुढें देशभर माहीत झाली. हैदराबादच्या इंजिनियरिंग संशोधनशाळेंत डॉ. एस. पी. राजू यांनीं धुराडें असलेली बहुतोंडी चूल तयार केली आणि १९५३ सालीं तिच्यावर एक पुस्तिकाहि प्रसिद्ध केली. त्यानंतर १९८० च्या दशकांत केंद्र सरकारनें सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. २००२ सालीं ती थांबली, तोंवर देशांत सुमारें साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या होत्या. पुण्यांत १९९६ सालीं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानें सुरू झालेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनें ‘लक्ष्मी’ नांवाच्या दोन तोंडांच्या, धुराड्याच्या चुलीचा प्रसार केला. सांच्यांत घालून ही चूल एकसारख्या मापाची काढतां येते.

एवढ्या चुली बसल्या, मग धूर कां उरला? याचें उत्तर ओडिशांतील एका दीर्घ पाहणीनें दिलें आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनीं धुराड्याच्या सुधारित चुली मिळालेल्या कुटुंबांचा चार वर्षें मागोवा घेतला; तो अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षीं स्वयंपाक करणारांच्या श्वासांतला धूर कमी झाला; पुढें हा लाभ नाहींसा झाला. चुली नियमितपणें वापरल्या गेल्या नाहींत, त्यांची दुरुस्ती झाली नाहीं, आणि वापर दिवसेंदिवस उतरत गेला. म्हणजे चूल वाईट होती असें नव्हे. ती घराशीं जुळली नाहीं. आणि चूल घराशीं जुळावयाची कीं नाहीं याचा निकाल बहुधा पहिल्याच आठवड्यांत, तिची जागा, उंची व धुराडें ठरतांना लागून जातो. म्हणून बसविण्याच्या कामास मीं एवढें महत्त्व देतों.

आतां या दोन तालुक्यांचा विचार करूं. दोन्ही तालुके पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापासून सुरू होऊन पूर्वेस सपाटीवर उतरतात. पूर्वेकडे मंचर आणि नारायणगांव हीं पुणें-नाशिक रस्त्यावरचीं गांवें. तेथें टेंपो दारापर्यंत जातो. पश्चिमेकडे प्रकार निराळा. नाणेघाटाच्या बाजूस, किंवा भीमाशंकरच्या वाटेवर, महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत जुनें आंबेगांव बुडालें. तेथील कित्येक वाड्यांना पाण्याला वळसा घालूनच जावें लागतें. नाणेघाटांतून कोंकण आणि देश यांच्यामधला माल दोन हजार वर्षें बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून गेला. ओझें वाहण्याची विद्या या मुलखाला नवी नाहीं. नवें आहे तें ओझ्याचें स्वरूप. धान्याचें पोतें वांकतें, खांद्यावर बसतें, पडलें तरी फुटत नाहीं. चुलीचें तसें नाहीं.

तिचें वजन किती असेल, याचा हिशेब घरबसल्या करतां येतो. चुलीची लांबी ७५ सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची २२ धरली, तर पुऱ्या ठोकळ्याचें घनमाप सुमारें ५० लिटर होतें. त्यांतील निम्मी जागा जळणाचें तोंड, भांड्यांचीं वर्तुळें आणि धुराची वाट यांनीं पोकळ आहे असें समजूं. उरलेल्या २५ लिटर सिमेंट-काँक्रीटचें वजन, लिटरला २.४ किलो या मानानें, ६० किलो भरतें. एका धडधाकट माणसाएवढें हें वजन. पण माणसासारखे हातपाय त्याला नाहींत, आणि पकडावयास सोयीची अशी एकहि जागा नाहीं. भांड्याच्या वर्तुळांत किंवा धुराड्याच्या तोंडांत हात घालून चूल उचलूं नये. तेथेंच तिची भिंत पातळ असते आणि तडा तेथूनच सुरू होतो.

चूल मागविण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ती कोणत्या दिवशीं ओतली. सिमेंटला निदान आठवडाभर ओलावा मिळाल्यावांचून बळ येत नाहीं. चार दिवसांची चूल खडबडीत रस्त्यावर घालणें म्हणजे ती मोडण्याची तयारी करणें होय. दुसरी गोष्ट, जळणाच्या पोकळीला आंतून माती व विटांच्या भुकटीचें अस्तर आहे कीं नाहीं. सिमेंटच्या अंगीं चारपांचशें अंशांची आंच फार दिवस सोसण्याची शक्ति नसते. अस्तराखेरीज तें हळूहळू भुसभुशीत होतें. तिसरी गोष्ट, भांड्यांचीं वर्तुळें. घरांतील तवा, भाताचें पातेलें आणि पाण्याचा हंडा यांचीं मापें दोरीनें घेऊन आधींच कळवावीं. भांडें वर्तुळांत नीट न बसलें तर धूर धुराड्याकडे न जातां त्या फटींतूनच वर येतो.

मापें घ्यावयाचीं तीं भांड्यांपुरतींच नव्हेत. रस्ता जेथें संपतो तेथपासून चुलीच्या जागेपर्यंतच्या सर्वांत अरुंद जागेचें माप घ्यावें. जुन्या घरांत ती जागा बहुधा मधल्या दाराची चौकट असते. पुष्कळदां पायऱ्यांचें वळण किंवा परसदारची बोळकांडी असते. चौकटीची रुंदी मोजतांना उचलणाराच्या दोन्ही हातांची जाडी तींत धरावी, नाहींतर बोटें चिरडतात.

वाहनांत चूल तळावर सपाट ठेवावी. आडवी किंवा उभी करूं नये. खालीं पेंढ्याचा वीतभर जाड थर, भोंवतीं गोणपाट, आणि दोरीच्या वळशाखालीं कडांवर चिंध्या, इतकी व्यवस्था पुरे. धुराड्याच्या नळ्या निराळ्या बांधाव्यात. उतरवितांना वाहनाच्या फाळक्यापासून जमिनीपर्यंत जाड फळ्या लावाव्यात. फाळका ९० सेंटिमीटर उंच असेल तर फळी तिपटीनें, म्हणजे पावणेतीन मीटर लांब घ्यावी. अशा उतारावर ६० किलोंचें ओझें रोखण्यास सुमारें २० किलोंचाच जोर लागतो, आणि घर्षणामुळें तोहि कमी होतो. दोघांनीं वरून दोरी धरून चूल सावकाश सोडावी. उतरत्या बाजूस, ओझ्याच्या समोर, कोणीहि उभें राहूं नये. हात द्यावयाचा तो बाजूनें.

पुढें वाट पायवाटेची असेल तर चूल गोणपाटांत गुंडाळून जाड बांबूला टांगावी व दोघांनीं खांद्यावर घ्यावी. येथें एक साधा नियम लक्षांत ठेवावा. ओझें बांबूच्या मधोमध असेल तर प्रत्येकाच्या वाट्यास ३० किलो येतात. तें सरकून एकाकडे एक हात व दुसऱ्याकडे दोन हात अंतर राहिलें, कीं जवळच्यावर ४० आणि दूरच्यावर २० किलो पडतात. उतारावर ओझें नेहमीं खालच्या माणसाकडे सरकतें, आणि पाय घसरण्याची भीतीहि त्यालाच अधिक. म्हणून बांबूला खांचा पाडून दोरी तेथें पक्की बांधावी, आणि बदली घेण्यास आणखी दोघे बरोबर असावेत. घराच्या आंत, सपाट जमिनीवर, उचलण्याऐवजीं लोखंडी नळ्यांच्या तुकड्यांवरून चूल लोटावी. उंबरठा आला म्हणजे दोन्ही अंगांस फळी टाकावी. हे काम करणारांची मजुरी खरेदीच्या हिशेबांत आधींच धरावी. चुलीवर हजारों रुपये खर्च करून शेवटच्या पन्नास पावलांसाठीं शेजाऱ्यांच्या पाठी फुकट वापरणें, हें शहाणपणाचेंहि नव्हे आणि शोभणारेंहि नव्हे.

जागा ठरविण्याचा अधिकार मात्र एकाच व्यक्तीचा, आणि ती म्हणजे जी रोज चुलीपुढें बसणार तिचा. पुण्याहून पैसे पाठविणारा मुलगा किंवा चूल बसविणारा गवंडी यांनीं तिला विचारल्यावांचून विटेला वीट लावूं नये. ती बसून स्वयंपाक करते कीं उभ्यानें? लांकूड उजव्या हातानें सारते कीं डाव्या? भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढें शेकावयाची, तर तोंडापुढें तेवढी जागा आहे काय? मुख्य तोंडाच्या मागें वैलावर आमटी ठेवायची, तर हात आगीवरून न नेतां तेथवर पोंचतो काय? या प्रश्नांचीं उत्तरें न घेतां बसविलेली चूल महिन्याभरांत अडगळ होते, आणि तिच्या शेजारीं तीन दगडांची जुनी चूल पुन्हां पेटते. चुलीच्या फसलेल्या योजनांचा इतिहास थोडक्यांत सांगावयाचा तर तो हाच आहे.

जमिनीविषयीं पुष्कळांना उगाच काळजी वाटते. आपल्या मापाच्या चुलीचा तळ २,२५० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २७ ग्रॅमच भार येतो. उभ्या माणसाच्या पावलांखालीं याहून कित्येक पटींनीं अधिक भार असतो. चोपलेली, सारवलेली जमीन हें ओझें सहज पेलते. भीति आहे ती चूल कडेवर तिरपी होते त्या क्षणाची, कारण तेव्हां सगळें वजन एका रेघेवर येतें. चूल बसल्यावर चारी कडांखालीं मातीचा गारा भरून ती पाण्याच्या पातळींत आणावी. माळ्यावर, लांकडी तक्तपोशीवर, चूल कधींच ठेवूं नये. तेथें प्रश्न वजनाचा नसून आगीचा आहे.

आतां धुराडें. चुलीचा प्राण तेथें आहे. धूर वर जातो तो आपोआप नव्हे. नळींतील तापलेली हवा बाहेरच्या हवेहून हलकी असते, म्हणून. तीन मीटर उंचीच्या नळींत वायूंचें तापमान सरासरी १५० अंश सेंटिग्रेड असेल आणि बाहेरची हवा २५ अंशांची असेल, तर या फरकानें उत्पन्न होणारी ओढ पाण्याच्या अवघ्या एक मिलिमीटर उंचीच्या दाबाइतकी असते. एवढ्या नाजुक ओढीवर सगळा संसार चालावयाचा! नळी मध्येंच काटकोनांत वळविली, सांधे उघडे ठेवले, किंवा आंत बोटभर काजळी सांठूं दिली, तर ही ओढ संपते आणि धूर माघारी फिरतो. म्हणून नळी होईल तितकी सरळ उभी असावी, आणि प्रत्येक सांधा मातीनें किंवा चुन्यानें लिंपावा.

नळी छपरांतून बाहेर काढतांना तीन शत्रूंचा विचार करावा: आग, पाऊस आणि वारा. पत्र्याची उघडी नळी लांकडी वासा, रीप किंवा कुडाची भिंत यांपासून हातभर दूर असावी. लांकूड वर्षानुवर्षें तापत राहिलें म्हणजे पुढें कमी आंचेनेंहि पेट घेतें. म्हणून दहा वर्षें कांहीं झालें नाहीं, हा पुरावा मानूं नये. जेथें इतकें अंतर मिळत नाहीं तेथें नळी व लांकूड यांच्यामध्यें मोकळी फट राखून पत्र्याचा पडदा उभा करावा, आणि छपराच्या भोंकाभोंवतालच्या रिपा कापून तेथें पत्र्याची चौकट बसवावी. पावसासाठीं नळीभोंवतीं जो पत्रा लावावयाचा, त्याची वरची कड वरच्या कौलाखालीं आणि खालची कड खालच्या कौलावर यावी, म्हणजे पाणी आपसूक ओघळून जातें. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर मंचर-नारायणगांवच्या कित्येक पटींनीं पाऊस कोसळतो, आणि तोहि तिरपा. येथें केलेली हयगय पहिल्याच आषाढांत उघडी पडते. वाऱ्यासाठीं नळीचें तोंड छपराच्या वर निदान दोन फूट असावें, आढें जवळ असेल तर त्याच्याहि वर न्यावें, आणि त्यावर टोपी बसवावी. पूर्वीं या कामीं ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या सर्रास वापरीत. त्या कापतांना उडणारे तंतू फुप्फुसांस घातक असल्यानें त्या आणूं नयेत, आणि जुन्या असतील तर करवत लावूं नये.

चूल बसली म्हणून त्याच दिवशीं पुरणपोळीचा बेत करूं नये. सिमेंटांत आणि मातींत पाणी दडलेलें असतें. मोठी आग दिली तर त्याची वाफ होऊन ती भिंत फोडते. पहिले चार-सहा दिवस काटक्यांचा लहान जाळ रोज थोडा वेळ करावा. त्यानंतर कसोटी घ्यावी: पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशीं धरली असतां तिचा धूर आंत ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर धुराड्याच्या बुडाशीं कागदाचा एक बोळा जाळावा. नळी तापली कीं ओढ सुरू होते. तरीहि धूर परतत असेल तर सांधे, वळणें व नळीची उंची पुन्हां तपासावी. धुराडें कितीहि चांगलें असलें तरी स्वयंपाकघराची खिडकी बंद करूं नये, कारण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु दिसतहि नाहीं आणि त्याला वासहि नाहीं.

जळणाविषयीं एकच सांगतों. नुकत्या तोडलेल्या लांकडांत वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असूं शकतें. पाण्याची वाफ करण्यास लागणारी उष्णता तेंच पाणी गोठणबिंदूपासून उकळण्यापर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या पांचपटींहून अधिक असते. म्हणजे ओलें लांकूड आपली बरीचशी शक्ति स्वतःला सुकविण्यांतच खर्च करतें, आणि वर काजळीहि धरतें. पावसाळ्याचें जळण वैशाखांतच फोडून, वळचणीखालीं रचून ठेवण्याची या भागांतली जुनी रीत शास्त्राला धरून आहे. भीमाशंकरचें जंगल १९८५ सालापासून अभयारण्य आहे. तेथील शेकरूच्या झाडाची एकेक फांदी वांचवावयाची, तर कोरडें लांकूड आणि घट्ट बसणारें भांडें हे दोन उपाय कोणत्याहि उपदेशाहून अधिक काम करतील.

शेवटीं निगा. दर पंधरा दिवसांनीं काथ्याचा किंवा तारेचा ब्रश दोरीला बांधून धुराडें साफ करावें. राख रोज काढावी. तडा दिसतांच मातीनें बुजवावा. ब्रश, दोरी आणि टोपलीभर चाळलेली माती चुलीच्या जोडीनेंच घरीं पाठवावी. पहिला पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, कोणीतरी जाणत्यानें छपराचा सांधा आणि नळीची टोपी एकवार पाहून यावी. घरच्यांनीं बोलावण्याची वाट पाहूं नये, कारण ओडिशाच्या त्या पाहणींत चुली मुकाट्यानेंच बंद पडल्या होत्या.

चुलीची किंमत आपण दुकानांत मोजतों. तिचा उपयोग मात्र घरांतली हवा ठरविते. स्वयंपाक चालू असतांना आढ्याकडे पाहिलें आणि वासे स्वच्छ दिसले, चुलीपुढें बसलेली बाई पदर डोळ्यांना न लावतां भाकरी उलटूं शकली, तर ६० किलोंचें तें ओझें योग्य ठिकाणीं पोंचलें असें समजावें.